‘सिस्टर, माझं लेकरू बरोबर आहे ना?’

पत्र थोडक्यात असं आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या पार टोकाला एका उपकेंद्रावर काम करणारी २५ वर्षांची एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका, लिहिते. तिच्या गावात एक मुलगा आहे, नुकतेच दहा महिने पूर्ण झाले. दीड महिना आधीच जन्मला, वजन १.९ किलो, रडायला वेळ लागला, नऊ दिवस एसएनसीयूमध्ये, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात होता. नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या लसीला आईने त्याला मांडीवर घेतलं तेव्हा सिस्टरच्या लक्षात आलं की उजवी मूठ उघडतच नाही, आणि उचललं की दोन्ही पाय कात्रीसारखे एकावर एक चढतात. आधाराशिवाय बसत नाही. अंगणवाडीच्या कार्डावर मात्र तो हिरव्यात आहे, म्हणजे वजन ठीक. आजी म्हणते, “याचा बाप बी दोन वर्साचा झाल्यावर चालला, काई होत नाई त्याले.” सीनियर सिस्टर म्हणतात, तू काय डॉक्टर आहे का, घाबरवू नको लोकांना, उद्या काही निघालं नाही तर गावात तोंड दाखवता येणार नाही. आणि परवा हापशीवर त्या लेकराच्या आईने हिला बाजूला घेऊन विचारलं, “सिस्टर, माझं लेकरू बरोबर आहे ना?” ही “हो, बरोबर आहे” म्हणाली आणि निघून आली. तेव्हापासून झोप नाही. “मी बोलू का थांबू? आणि ताई, नवजात तपासणी मला कॉलेजात पूर्ण पाठ होती पण घरात गेलं की त्या अंधारात काहीच आठवत नाही, मी या कामाला लायक तरी आहे का?”

सिस्टर,

आधी त्या हापशीवरच्या “हो” बद्दल बोलू, कारण तुझ्या झोपेचं खोबरं तिथेच झालेलं दिसते. तू घाबरून हो म्हणाली. आपल्यापैकी कितीतरी जणी असं हो म्हणून आलेल्या आहेत, मी पण आले आहे, पुढे सांगतेच. पण एक गोष्ट बघ, त्या माउलीने तुला चारचौघीत नाही विचारलं, बाजूला घेऊन विचारलं. ज्या आईला लेकरू ठीक वाटते ती असं बाजूला घेऊन विचारत नाही. तिला दिसून राहिलं आहे. दिवसातून दहा वेळा ती त्याचा लंगोट बदलते, त्याच्या मांड्या फाकत नाहीत हे तुझ्याआधी तिच्या हाताला कळलं असंल. मग “मी बोलले तर ती घाबरेल” हे जे तू धरून चालली आहे ना, ते मला पटत नाही. ती घाबरलेलीच आहे, फक्त एकटी घाबरलेली आहे, सासूसमोर बोलता येत नाही म्हणून.

आता लेकराकडे येऊ. तू लिहिलं दहा महिने, आणि बसत नाही. इथे मी तुला आधी थांबवते. हे लेकरू दीड महिना आधी आलं, म्हणजे वाढीचा हिशोब करताना ते दीड महिने वजा करायचे, दहाचे साडेआठ झाले. दोन वर्षांचं होईपर्यंत असं वजा करूनच पाहायचं असते, लसीला मात्र वजाबाकी नाही, लस जन्मतारखेप्रमाणेच द्यायची आणि ती तू बरोबर दिली. डब्ल्यूएचओने जो पाच देशांतल्या लेकरांचा अभ्यास केला, त्यात आपल्या दिल्लीची लेकरं पण होती, त्यात आधाराशिवाय बसायला काही लेकरांना सव्वानऊ महिन्यांपर्यंत लागले आणि ती सगळी चांगली लेकरं होती. म्हणजे नुसतं “बसत नाही” एवढंच असतं तर मी तुला म्हटलं असतं, थांब, महिनाभराने परत पाहा. आजीबाईचं पण तेवढ्यापुरतं चूक नाही. चालायचंच घे, कोणी नवव्या महिन्यात चालते, कोणी साडेसतराव्या, दोघं पुढे शाळेत एकाच बाकावर बसतात. दीड वर्ष उलटलं तरी एकटं चालत नाही तेव्हा मात्र दाखवायलाच पाहिजे, बाप दोन वर्षांनी चालला असो का तीन.

पण मूठ? मूठ वजाबाकीत बसत नाही. तीन-चार महिन्यांपर्यंत लेकराच्या मुठी उघडायला लागतात, पाचव्या-सहाव्याला ते हात पुढे करून वस्तू घेते, मग या हातातून त्या हातात देते. साडेआठ धर नाहीतर दहा धर, एकच मूठ सतत बंद राहणं कोणत्याही वयात बसत नाही. आणि पाय कात्रीसारखे होणं पण नाही. मला इतक्या वर्षांत जे कळलं ते हेच की उशीर वेगळा आणि वेगळेपण वेगळं. उशीर असंल तर थोडं थांबून परत मोजता येते. पण एक बाजू एका तऱ्हेने चालून राहिली आणि दुसरी दुसऱ्याच तऱ्हेने, किंवा अंग कडक आहे, किंवा पार चिंधीसारखं ढिलं आहे, किंवा काल जे करत होतं ते आज सोडून दिलं, हे दिसलं की वाट पाहायची नाही. वर्षाच्या आतलं लेकरू डावखुरंही नसते आणि उजवंही नसते, दोन्ही हात सारखे चालवते. म्हणून कोणी कौतुकाने सांगितलं ना, “आमचा बाबू डावखुरा होणार, आतापासूनच डाव्यानेच घेतो”, तर तिथे कान टवकारायचे आणि उजव्या हाताकडे पाहायचं.

खात्री करायची असंल तर पुढच्या भेटीत एवढं कर. आईच्या मांडीवर त्याला सरळ बसव, आईने कंबरेला धरायचं. त्याच्या उजव्या बाजूला, हात पोचेल एवढ्या अंतरावर, आईचीच बांगडी नाहीतर स्टीलचा चमचा धर. उजवा हात हलतो का, का डावा हात पूर्ण अंग ओलांडून तिकडे येतो? मग हलकं ओढणीचं टोक तोंडावर टाक, दोन सेकंद, आणि पाहा कोणत्या हाताने काढते. डावा हात आईने अलगद धरला तर उजव्याने काढायचा प्रयत्न करते का, का नुसतं रडते? आणि आईलाच विचार, लंगोट बदलताना दोन्ही मांड्या सारख्या फाकतात का. हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे, यात ना मशीन लागत ना डॉक्टर. जे दिसलं ते तारीख टाकून लिहून ठेव. “डेव्हलपमेंट डिले” असं लिहू नको, “उजवी मूठ बंद, चमचा डाव्या हाताने ओलांडून घेतला, मांड्या कडक” असं लिही. जे दिसलं ते लिहिलं की कोणी तुला विचारू शकत नाही की तू काय डॉक्टर आहे का.

आता ते हिरवं कार्ड. तू वजनं पण पाठवली ते बरं केलं. आठव्या महिन्यात ७.५, नवव्यात ७.५, दहाव्यात ७.५. मुलग्याच्या तक्त्यात दहाव्या महिन्याची खालची रेषा ७.४ च्या आसपास येते, म्हणून टिंब हिरव्यात पडलं आणि सगळे निवांत झाले. पण टिंब कुठे आहे याच्यापेक्षा रेघ कुठे चालली हे पाहायचं असते ना. तीन महिने वजन हललं नाही म्हणजे रेघ आडवी झाली, आणि तक्त्यातल्या बाकी सगळ्या रेघा तर वर चालल्या, अजून एक महिना असाच गेला की तो आपोआप खालच्या रंगात येणार आणि तेव्हा सगळे म्हणणार अचानक कसा घसरला. अचानक काहीच नाही झालं. मला दुसरी पण शंका आहे आणि ती कोणाला दुखवायला नाही सांगत. तीन महिने बरोबर साडेसात, हे वजन खरंच काट्यावर घेतलं का मागच्या महिन्याचं उतरवलं? कुठल्याही उपकेंद्राचं जन्मनोंदीचं रजिस्टर उघड आणि वजनाच्या रकान्यावरून बोट फिरव, अडीच, अडीच, अडीच, मग एखादं तीन, परत अडीच. लेकरं काय अशी मापात जन्मतात का? अडीचच्या खाली लिहिलं की कमी वजनाचं बाळ होते, जास्त भेटी, जास्त कागद, म्हणून हात आपोआप अडीचवर जातो, मुद्दाम कोणी करत नाही, पण जे लेकरू २.३ चं होतं त्याच्या जास्तीच्या भेटी तिथेच बुडाल्या. म्हणून याचं वजन तू स्वतः घे. काटा आधी शून्यावर आण, कपडे काढ, हातातलं कडं-करदोडा काय असंल ते बघ, आणि दशांशासकट लिही. दंडाचा घेर पण घे, सहा महिन्यांच्या वर चालतो तो, ११.५ सेंटीमीटरच्या खाली आला तर मग हे प्रकरण वेगळ्याच घाईचं आहे.

आणि वजन खरंच थांबलेलं निघालं तर लगेच “आई नीट भरवत नाही” वर जाऊ नको. ज्या लेकराचं अंग कडक असते त्याचं तोंड-जीभ पण कधी कधी कडक असते, घास बाहेर ढकलते, ठसका लागते, एका वाटीला तास लागते आणि आई थकून जाते. तिला विचार, भरवताना खोकते का. डोक्याचा घेर पण मोज. जन्माला साधारण ३३ ते ३५ असते, वर्षाला ४५-४६ च्या घरात जाते, म्हणजे एका वर्षात बारा एक सेंटीमीटर, पुढे आयुष्यभर इतकं कधीच वाढत नाही. डोकं वाढते म्हणजे आतला मेंदू वाढून राहिला. म्हणूनच तुला सांगते की या लेकराला सहा महिने थांबवायचे नाहीत, कारण जे काही शिकवून वळवता येते ते याच काळात जास्त वळते.

आता माझं सांगते. नोकरीला लागून चारच वर्षं झाली होती. एका घरी मुलगी झाली, गोरीपान, दिसायला भरलेली, भेटीला गेलं की झोपलेली. कधी रडत नाही, दूध प्यायला उठवावं लागते, रात्रभर झोप. आजी खूश, आई खूश, आणि मी पण म्हणाले, “किती गुणी लेकरू आहे, नाहीतर बाकीच्या घरी पाहा.” दीड महिना झाला तरी डोळ्यात पिवळेपणा होता, मी म्हटलं उन्हात घेत जा. शौचाला चार-चार दिवस होत नव्हतं, बेंबी फुगून वर आली होती, जीभ जराशी बाहेर दिसायची, रडली तरी आवाज घोगरा. हे सगळं मी वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळं पाहिलं आणि एकत्र कधी जोडलंच नाही, कारण लेकरू त्रास देत नव्हतं. दीड वर्षाची झाली, उभी राहीना, तेव्हा कुठे मोठ्या दवाखान्यात गेली आणि जन्मापासून थायरॉईड कमी आहे हे निघालं. रोजची एक छोटी गोळी, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुरू झाली असती तर ती मुलगी बाकीच्या मुलींसारखी शाळेत गेली असती. गोळी सुरू झाली, ती चालायला लागली, पण जे मागे राहिलं ते राहिलंच. तिच्या आईने मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. मी आजही कोणत्या बाळाला “गुणी” म्हटलेलं ऐकलं की आधी विचारते, उठवल्याशिवाय दूध मागते का?

म्हणून तुझ्या सीनियर सिस्टरचं. त्या वाईट नाहीत, त्यांचं म्हणणं मी पूर्ण खोडून काढणार नाही. गावात सिस्टरच्या शब्दाला वजन असते, आणि एकदा “हे लेकरू असंच राहणार” असं कोणाच्या तोंडून निघालं की त्या घरी ते शिक्क्यासारखं बसते, सून दोषी ठरते, ग्रहणात बाहेर गेली होती इथपासून सुरू होते. मी अशा दोन सुना माहेरी परत पाठवलेल्या पाहिल्या आहेत. त्यामुळे “घाबरवू नको” हे बरोबरच आहे. पण घाबरवणं आणि दाखवायला पाठवणं यात फरक आहे. रोगाचं नाव सांगणं तुझं काम नाही, हे मान्यच. मोजणं, पाहणं, लिहिणं, पाठवणं आणि पाठवल्यावर परत विचारणं हे मात्र तुझंच काम आहे, डॉक्टरकडे ते लेकरू पोचणारच नाही जोवर तू पाठवत नाही.

आणि “मी काय डॉक्टर आहे” हा प्रश्न आपल्या विदर्भात तरी पडायला नको गं. तुझ्या जिल्ह्याच्या शेजारी चंद्रपूर आणि त्याच्या पलीकडे गडचिरोली, तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत काय केलं? गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायांना नवजात बाळ तपासायला शिकवलं, श्वास मोजायला, वजन करायला, गरम ठेवायला, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या नियतकालिकात ते छापून आलं, नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त खाली आले होते. पुढे २०११ मध्ये सरकारने आशांसाठी घरी जाऊन नवजात बाळाची भेट घ्यायचा कार्यक्रम सुरू केला, आज तुझी आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते ना, त्याचं मूळ तिथलं आहे. त्या बाया डॉक्टर नव्हत्या. तू तर शिकलेली एएनएम आहे.

मग करायचं काय. तीन रस्ते दिसतात मला. एक, आरबीएसकेची, म्हणजे लेकरांच्या तपासणीच्या सरकारी कार्यक्रमाची गाडी अंगणवाडीत येईपर्यंत थांबायचं, ते वर्षातून दोनदा येतात, म्हणजे कदाचित पुढच्या महिन्यात आणि कदाचित पाच महिन्यांनी. दुसरा, थेट घरी जाऊन सगळ्यांसमोर सांगायचं. तिसरा, आईला विश्वासात घेऊन, पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) एमओंना, म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवून, जिल्ह्याच्या डीईआयसीला, म्हणजे अशा लेकरांच्या लवकर उपचाराच्या केंद्राला पाठवायचं. तुला कळलंच असंल मी तिसऱ्याकडे आहे. आरबीएसके २०१३ पासून आहे आणि ते नुसतं शाळेत दात-डोळे तपासायला नाही, जन्मतः व्यंग, आजार, कमतरता आणि वाढीतला उशीर अशा चारही गोष्टींसाठी आहे, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत, आणि पुढचा उपचार फुकट. डीईआयसीत लहान मुलांचे डॉक्टर, फिजिओथेरपी, कान-डोळे, बोलणं असं एका जागी पाहायची सोय असते. गाडी गावात यायची वाट नको पाहू, टीमच्या डॉक्टरांना फोन कर, त्यांचा नंबर तुझ्या पीएचसीत असतोच, आणि विचार की तिकडे कोणत्या वारी कोण बसते, नाहीतर ते दोघं नवरा-बायको मजुरी बुडवून जातील आणि फिजिओ त्या दिवशी रजेवर. जायच्या-यायच्या गाडीचं पण एमओंनाच विचार, लेकरू अजून वर्षाच्या आत आहे, जेएसएसकेत, म्हणजे आई-बाळाच्या मोफत उपचाराच्या सरकारी योजनेत काही बसते का ते त्यांना कळंल. आणि कापसाची वेचणी चालू असंल तर तारीख ठरवताना त्यांनाच विचारून ठरव. हे लहान वाटते पण पहिली तारीख चुकली की दुसरी कोणी देत नाही, मी हे पाहून पाहून शिकले.

सीनियर सिस्टरला वगळून करू नको. त्यांना सांग, मी काही नाव घेतलं नाही मॅडम, हे पाहा मी काय पाहिलं, हे पाहा वजन, एमओंना दाखवायचं आहे. कागद समोर आला की बहुतेकदा माणूस नरमते, नाही नरमल्या तरी तुझी नोंद आहे.

आईशी बोलताना आधी ते “हो” परत घे. मला तर वाटते हेच तुला जड जाईल, पण तिथूनच सुरू कर. “त्या दिवशी हापशीवर तू विचारलं आणि मी घाईत हो म्हणाले, मला नीट पाहून सांगायला पाहिजे होतं. तुला काय काय वाटते ते मला सांग.” आणि मग गप्प बस. ती बोलंल, कदाचित रडंल, बोलू दे. मग तू पाहिलेलं सांग, तिच्यासमोर हात दाखवून, की हा हात आणि हा हात सारखा चालत नाही, पाय कडक वाटतात, हे जन्माच्या वेळी उशिरा रडलं आणि आधी आलं त्यामुळे असू शकते, मला नक्की माहीत नाही म्हणून मोठ्या डॉक्टरांना दाखवू, व्यायामाने आणि शिकवण्याने अशा लेकरांना फायदा होते आणि लवकर सुरू केलं तर जास्त होते. “तुझ्या कशाने झालं नाही” हे वाक्य विसरू नको, ते तिला ऐकायचं आहे. मतिमंद, अपंग, लुळा, कधीच चालणार नाही, यातला एकही शब्द नको, आणि “काही नाही, होईल ठीक” पण नको. परत तेच “हो” होईल.

आजीला सोडून पुढे जाता येणार नाही. तिला शहाणपण शिकवायला गेली तर दार बंद होते, तिलाच विचार, “आजी, तुम्ही इतकी लेकरं वाढवली, याचा बाप या वयाचा होता तेव्हा दोन्ही हातांनी भाकर धरत होता ना?” तिचं तीच आठवंल. मी असं विचारल्यावर एक आजी बराच वेळ चुलीकडे पाहत बसली होती, आणि मग म्हणाली, “हो माय, त्याचा हात असा नोयता.” दुसऱ्या दिवशी तीच लेकराला घेऊन गाडीत बसली, सून नंतर.

डॉक्टरांनी दाखवेपर्यंत घरी एवढं तरी सांग. लेकराला कडेवर घेताना दोन्ही पाय कंबरेच्या दोन्ही बाजूंना फाकवून घ्यायचं, आडवं दोन हातांवर नाही, त्याने मांड्या आपोआप मोकळ्या होतात. भरवताना आडवं नाही, बसवून, मान थोडी पुढे. जागं असताना समोर कोणी बसून थोडा वेळ पालथं ठेवायचं. मूठ ओढून उघडायची नाही. मालिश करणाऱ्या बाईला सांगायचं की जोर लावून पाय मुरडायचे नाहीत. कोणी बाजारातून वॉकर आणायला निघालं असंल तर थांबव, कडक पायाचं लेकरू त्यात पंजावर उभं राहून अजून कडक होते.

एसएनसीयूचं डिस्चार्ज कार्ड मागून घे, बहुतेक लोखंडी पेटीत कपड्यांच्या खाली असते. त्यात पाहा, डोळ्यांचा पडदा तपासला का. दोन किलोच्या आतलं किंवा ३४ आठवड्यांच्या आधीचं बाळ असंल तर महिन्याच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरला पडदा दाखवायचा असते, नाहीतर नजर कायमची जाऊ शकते, आणि हे १.९ चं होतं. आता ती वेळ निघून गेली, पण बोट फिरवलं की नजर फिरते का, डोळे तिरळे होतात का ते पाहून लिही. कान पण. समोर टाळी वाजवून उपयोग नाही, हात दिसतो त्याला, हवा लागते, मागून चुरचुर कागद वाजव. आणि तुझ्या हाताखाली पुढच्या महिन्यात असं दुसरं कमी वजनाचं बाळ सुटून घरी आलं ना, तर या दोन तपासण्यांची तारीख पहिल्याच भेटीत आईच्या कार्डावर लिही. तुमच्या भागात सिकल, म्हणजे रक्ताचा पिढीजात आजार, पण आहे, म्हणून मूठ बंद आहे का सुजून दुखून राहिली म्हणून उघडत नाही हे वेगळं करून पाहा. सिकल जन्मापासून असलं तरी पहिले काही महिने दिसत नाही, आईच्या पोटात असतानाचं रक्त त्याला सांभाळते, सहा महिन्यांनंतर हातापायांना सूज येऊन पहिल्यांदा कळते. घरात कोणाकडे सिकलचं कार्ड आहे का एवढा प्रश्न तर फुकटचा आहे.

राहिलं ते तुझं “लायक आहे का”. अगं, लस देताना, समोर वीस लेकरं रडून राहिली, रजिस्टर भरायचं, कोल्ड बॉक्स सांभाळायचा, त्यात तुला एक न उघडणारी मूठ दिसली. तपासणी म्हणजे अजून काय असते? पाठ केलेलं अंधारात आठवत नाही कारण पुस्तकात डोक्यापासून पायापर्यंत अशी यादी असते आणि लेकरू काही यादीने पडून राहत नाही. मी क्रम बदलला होता, तो तुला सांगते. खोलीत गेली की आधी हात लावायचा नाही. झोपलेलं असंल तर उत्तम, तसंच राहू दे. पोट वर-खाली होताना पूर्ण एक मिनिट मोजायचं, घड्याळ बघून, अर्धा मिनिट मोजून दुप्पट नाही करायचं, कारण नवजात बाळ मध्येच दोन-चार सेकंद थांबते मग भरभर घेते. साठ किंवा जास्त आलं तर थोड्या वेळाने परत मोज, परत साठ किंवा जास्त तर पाठव. छाती आत ओढते का, ओठ कसे, हातपाय दुमडलेले आहेत का पसरलेले. मग आपले हात चोळून गरम कर, मेळघाटात काय नि मारेगावात काय, डिसेंबरात सिस्टरचा थंडगार हात लागला की बाळ रडणार आणि पुढचं सगळं गेलं. पोट आणि तळपाय दोन्हीला उलटा हात लाव, पोट गरम नि पाय थंड म्हणजे बाळ गारठायला लागलं, दोन्ही थंड म्हणजे घाई कर, लगेच आईच्या अंगाला लाव. मे महिन्यात याच्या उलट, पत्र्याच्या घरात दोन दुपट्यांत गुंडाळलेलं बाळ नुसतं उन्हानेच तापते, आधी सैल कर, पाज, मग परत माप, तरी ३७.५ च्या वर राहिलं तर पाठव.

मग बाळाला घेऊन दारात ये. अंधारातल्या खोलीत कावीळ दिसत नाही, पिवळ्या बल्बखाली तर सगळीच बाळं पिवळी. दारातल्या उजेडात छातीवर बोट दाबून सोड आणि कातडीचा रंग पाहा, तळहात-तळपाय पिवळे असतील किंवा जन्मल्यापासून २४ तासांच्या आतच पिवळं झालं असंल तर थांबायचं नाही. डोक्यावरची टाळू सपाट आहे का, तोंडात बोट घालून आतली वरची टाळू फाटलेली तर नाही, उलटं करून पाठीचा मणका, शौचाची जागा, आणि शी-शू पहिल्या दिवसात झाली का ते आईकडून. रडवणाऱ्या गोष्टी शेवटी, वजन आणि मोरो, म्हणजे बाळाचं दचकणं. डोकं हातावर घेऊन जरासं खाली सोडलं की दोन्ही हात फेकते ना, ते सारखे फेकते का एवढंच पाहायचं. म्हणजे परत तेच, दोन्ही बाजू. डोळे दोन्ही, हात दोन्ही, रडताना तोंडाचे कोपरे दोन्ही, मांडीच्या घड्या दोन्ही. बाकी सगळं एखादे दिवशी विसरली तरी दोन्ही बाजू सारख्या आहेत का हे विचारत गेली की बरंच काही सापडते. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरते, दहा टक्क्यांच्या आत, दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत यायला पाहिजे, तेवढ्याने आईला घाबरवू नको आणि वरचं दूध तर मुळीच सुरू करू देऊ नको.

बुधवारी तुमच्या गावात लसीकरण असते असं तू लिहिलं. त्याच्या आधी एखाद्या संध्याकाळी जा, आई रानातून आलेली असंल आणि आजी चुलीपुढे. वजन, दंड, डोकं, चमचा, ओढणी. आणि टेप नवीन घेऊन जा, आपल्या बॅगेतल्या टेपचा पहिला सेंटीमीटर झिजून गेलेला असते, शून्याची रेघ दिसते का ते निघायच्या आधी पाहा.